किंमत कोणत्या क्षणाची? म्युच्युअल फंडाच्या युनिटमूल्यातील वेळेचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

म्युच्युअल फंडाच्या युनिटची किंमत बाजारातील मागणी-पुरवठ्याने ठरत नाही. ती हिशेबाने काढली जाते. म्हणून ती कोणत्या वेळेच्या हिशेबाची, आणि अर्ज त्या वेळेपूर्वी आला की नंतर, या प्रश्नास असाधारण महत्त्व प्राप्त होते. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील १९२४ ते १९६८ हा कालखंड, भारतातील युनिट योजना १९६४ चा अनुभव, २००३ मधील अमेरिकी गैरव्यवहार आणि भारतातील २०२१ पर्यंतचे नियम यांचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे. आधी कळलेल्या किमतीवर व्यवहार करण्याची मुभा जेथे जेथे राहिली, तेथे तेथे तिचा भार फंडात टिकून राहिलेल्या, बहुधा लहान, गुंतवणूकदारावर पडला, हे या अभ्यासाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

शेअर बाजारात एखाद्या कंपनीचा समभाग विकणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. घेणाऱ्याने जास्त किंमत दिली तर तोटा त्याचा. कंपनीच्या तिजोरीवर त्याचा परिणाम होत नाही. खुल्या मुदतीच्या म्युच्युअल फंडाची रचना वेगळी आहे. तेथे युनिट विकणारा आणि परत घेणारा फंडच असतो. म्हणजे नवा गुंतवणूकदार जे देतो ते सर्वांच्या सामाईक पिशवीत जाते आणि बाहेर पडणारा जे नेतो तेही त्याच पिशवीतून जाते. नव्याने कमी दिले किंवा जाणाऱ्याने अधिक नेले, तर फरक भरून काढणारा तिसरा कोणी नसतो. तो फरक उरलेल्या युनिटधारकांच्या वाट्यातून जातो.

या रचनेमुळे युनिटच्या किमतीचा प्रश्न हा मूलतः वेळेचा प्रश्न ठरतो. फंडाकडील रोख्यांचे भाव क्षणाक्षणाला बदलतात. निव्वळ मालमत्ता मूल्य मात्र दिवसातून एकदाच काढले जाते. या दोहोंमधील अंतरात जो शिरतो त्याला नफ्याची वाट सापडते. ती वाट कशी निर्माण झाली, कोणी वापरली आणि ती बंद करण्यास इतकी वर्षे का लागली, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

वेळ आणि किंमत यांचे गणित

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक साधे काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका फंडाची मालमत्ता १० लाख रुपये असून १ लाख युनिटे आहेत. प्रत्येक युनिटचे मूल्य १० रुपये होते. दुसऱ्या दिवशी बाजार ५ टक्के चढला, मालमत्ता साडेदहा लाखांची झाली आणि युनिटचे खरे मूल्य १० रुपये ५० पैसे झाले. परंतु फंड अजून कालच्याच १० रुपये दराने विक्री करीत आहे. बाजाराचा चढ पाहून एक मोठा गुंतवणूकदार त्या दराने आणखी १ लाख युनिटे घेतो आणि १० लाख रुपये भरतो.

आता मालमत्ता साडेवीस लाख आणि युनिटे २ लाख; म्हणजे प्रत्येक युनिटचे मूल्य १० रुपये २५ पैसे. नव्या गुंतवणूकदाराने कोणतीही जोखीम न घेता २५ हजार रुपये मिळविले आणि जुन्या युनिटधारकांनी नेमके तेवढेच गमावले. त्यांच्या हिशेबाच्या पत्रकावर मात्र मूल्य १० रुपयांवरून १० रुपये २५ पैसे झालेले दिसते. आपले काही गेले आहे याची त्यांना जाणीवही होत नाही. पुढील संपूर्ण इतिहासात तोटा सोसणारे इतकी वर्षे गप्प का राहिले, याचे उत्तर या न दिसणाऱ्या तोट्यात आहे.

अमेरिका : दोन किमतींचा काळ (१९२४-१९४०)

बोस्टन येथे १९२४ मध्ये स्थापन झालेला मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट हा आजच्या अर्थाने पहिला खुल्या मुदतीचा म्युच्युअल फंड मानला जातो. मागेल तेव्हा युनिट विकणे आणि मागेल तेव्हा परत घेणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. या पद्धतीचे फंड वाढले तशी किंमत ठरविण्याची एक रीत रूढ झाली. बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाच्या भावांनी किंमत काढावयाची आणि ती दुसऱ्या दिवशी लागू करावयाची.

गणना हाताने होत असे, माहिती तारेने जात असे आणि विक्री देशभरच्या दलालांमार्फत होई. विक्रेत्याला सकाळी हातात निश्चित दर हवा असे, त्यामुळे ही रीत सोयीची होती. परंतु तिच्यातून एक विचित्र अवस्था निर्माण झाली. बाजार बंद झाल्यानंतर उद्याची किंमत काय असेल हे जाणकारास ठाऊक असे आणि आजची जुनी किंमत अजून चालू असे. दोन्ही किमती एकाच वेळी ज्ञात असल्याने, चढत्या बाजारात जुन्या दराने खरेदी करून नव्या दराने विकणे हा बिनजोखमीचा धंदा झाला. सामान्य ग्राहकास विक्री शुल्क भरावे लागत असल्यामुळे त्याचा फायदा त्या शुल्कातच विरून जाई. फंडाशी संबंधित मंडळी आणि दलाल यांना मात्र पुष्कळदा हे शुल्क द्यावे लागत नसे. अर्थात ही वाट प्रामुख्याने आतील लोकांसाठी होती.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी रोखे व विनिमय आयोगाने त्या दशकाच्या उत्तरार्धात गुंतवणूक कंपन्यांची विस्तृत चौकशी केली. तिच्यातून हा प्रकार उजेडात आला आणि १९४० चा गुंतवणूक कंपनी कायदा झाला. जुन्या युनिटधारकांच्या वाट्याची अशी झीज रोखण्यासाठी किमतीविषयी नियम करण्याचा अधिकार या कायद्याने आयोगास दिला.

अज्ञात किमतीचा नियम (१९६८)

अधिकार मिळाला तरी अंतिम उपाय योजण्यास आणखी २८ वर्षे गेली. मधल्या काळात संधीची मुदत आखूड करण्यात आली. परंतु अर्ज येण्यापूर्वी काढलेल्या किमतीवर व्यवहार करण्याचे मूळ तत्त्व कायम राहिले. विक्रेत्यांचा आग्रह ग्राहकास दर आधी सांगता यावा असा होता आणि ग्राहकालाही ते स्वाभाविक वाटे. वस्तूची किंमत न सांगता विक्री करणारा दुकानदार कोणास आवडेल?

१९६८ मध्ये आयोगाने नियम २२सी-१ द्वारे हा प्रश्न निकाली काढला. अर्ज मिळाल्यानंतर जे मूल्य प्रथम काढले जाईल, त्याच मूल्याने खरेदी अथवा परतफेड करावी, असे बंधन घालण्यात आले. किंमत अर्जाच्या मागची नसून पुढची झाली. न्यूयॉर्कच्या बाजाराची दुपारी चारची वेळ ही बहुतेक फंडांची सीमारेषा बनली. ग्राहक किंमत जाणून घेण्याचा हक्क गमावतो. त्या मोबदल्यात दुसरा कोणी ती आधी जाणून त्याच्या वाट्यास हात घालू शकत नाही. कोणालाच किंमत ठाऊक नसणे हीच येथे समानता आहे.

भारत : युनिट योजना १९६४

अमेरिका या नियमाकडे वळत असतानाच भारतात एक निराळा प्रयोग सुरू झाला होता. १९६३ च्या कायद्यान्वये भारतीय युनिट ट्रस्टची स्थापना होऊन १ फेब्रुवारी १९६४ रोजी ही संस्था मुंबईत अस्तित्वात आली. तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा तिच्यामागे पुढाकार होता. तिची पहिली योजना, युनिट योजना १९६४, जुलै १९६४ मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याने खुली झाली. मध्यमवर्गाच्या बचतीस उद्योगाच्या भांडवलाशी जोडणे हा तिचा उद्देश होता. १९८७ पर्यंत या क्षेत्रात दुसरी संस्था नव्हती.

या योजनेची किंमत निव्वळ मालमत्ता मूल्यास बांधलेली नव्हती. विक्री किंमत आणि पुनर्खरेदी किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करी. ट्रस्टचे हिशेबी वर्ष जूनअखेर संपे. जुलैमध्ये युनिटे वर्षातील सर्वांत कमी, सवलतीच्या दराने विकली जात आणि पुढील महिन्यांत दर टप्प्याटप्प्याने वाढविला जाई. ‘जुलैची युनिटे’ घेणे हा नोकरदार कुटुंबांचा वार्षिक परिपाठ झाला. बाजार पडला तरी युनिटचा दर पडत नसे. त्यामुळे ही योजना समभागांत गुंतलेली असूनही लोकांच्या मनात बँकेच्या मुदत ठेवीच्या शेजारी जाऊन बसली.

ही व्यवस्था एका अर्थाने परोपकारी होती. चांगल्या वर्षांची कमाई राखीव निधीत ठेवून वाईट वर्षांत दर टिकवून धरावा, अशी तिच्यामागील कल्पना होती. परंतु तिच्यात दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, राखीव निधी पुरेसा राहील. आणि दोन, खरे मूल्य बाहेर कोणास कळणार नाही. १९९० च्या दशकात योजनेतील समभागांचा हिस्सा निम्म्याहून अधिक झाला, तेव्हा दोन्ही गृहीतके डळमळीत झाली. जून १९९८ च्या हिशेबात राखीव निधी उणे १,०९८ कोटी रुपये असल्याचे त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले आणि परतफेडीसाठी रांग लागली. १९९९ मध्ये सरकारने सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांचे समभाग एका विशेष योजनेत वर्ग करून सुमारे ३,३०० कोटी रुपयांचा आधार दिला. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तीन वर्षांत किंमत निव्वळ मालमत्ता मूल्याशी जोडावी, अशी शिफारस केली.

शिफारस योग्य होती. पण तीन वर्षांची मुदत हीच नवी फट ठरली. जाहीर दर खऱ्या मूल्याहून वर आहे आणि तो एका ठरावीक दिवसानंतर संपणार आहे, हे समजण्याची पात्रता ज्यांच्याकडे होती त्यांना काय करावे हे उघड होते. फेब्रुवारी २००० मध्ये सहा हजारांच्या आसपास पोचलेला मुंबईचा संवेदनशील निर्देशांक २००१ च्या मध्यास साडेतीन हजारांच्या जवळ आला. तरीही मे २००१ मध्ये ट्रस्ट १४ रुपयांहून अधिक दराने युनिटे परत घेत होता. एप्रिल व मे या दोन महिन्यांत ४ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर गेली आणि तिच्यातील फार मोठा हिस्सा कंपन्या व संस्थांचा होता.

२ जुलै २००१ रोजी ट्रस्टने युनिटांची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबविली. ज्या महिन्यात सामान्य गुंतवणूकदार वर्षानुवर्षे खिडकीशी येत असे, त्याच महिन्याच्या आरंभी खिडकी बंद झाली. ट्रस्टचे अध्यक्ष पायउतार झाले. ऑगस्टपासून लहान युनिटधारकांना ३ हजार युनिटांपर्यंत १० रुपये दराने व पुढे दरमहा १० पैसे वाढीने परतफेडीची सवलत देण्यात आली. जानेवारी २००२ मध्ये मूल्याधारित किंमत लागू झाली तेव्हा युनिटचे मूल्य ६ रुपयांच्याही आत होते. सुमारे २ कोटी लोकांची ही योजना होती. १४ रुपये आणि ६ रुपये यांमधील अंतर कोणी दिले, या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे : काही मागे राहिलेल्यांनी आणि उरलेले करदात्यांनी. २००२ च्या कायद्याने ट्रस्टचे विभाजन झाले आणि २००३ मध्ये या योजनेच्या युनिटांचे रूपांतर ६.७५ टक्के करमुक्त रोख्यांत करण्याची सोय झाली.

येथे एक बाब निःपक्षपातीपणे नोंदविणे आवश्यक आहे. एप्रिल-मेमध्ये जाहीर दराने युनिटे परत करणाऱ्याने नियमभंग केला, असे केवळ त्या कृतीवरून म्हणता येत नाही. दर उघड होता, खिडकी सर्वांस खुली होती. संसदेच्या संयुक्त समितीने या परतफेडींचा परामर्श घेतला, तो योग्यच होता. तथापि व्यक्तींच्या हेतूंपलीकडे पाहिले असता दोष किमतीच्या रचनेत आढळतो. खऱ्या मूल्यापासून तुटलेली आणि आधी जाहीर झालेली किंमत हे मोठ्या, जागरूक गुंतवणूकदारास दिलेले कायमचे आमंत्रण असते. १९३० च्या दशकातील अमेरिकी दलालास एका रात्रीची संधी होती. येथे ती अनेक महिने उघडी राहिली.

नियम असूनही : २००३ चा धडा

किंमत पुढची ठेवली म्हणजे प्रश्न सुटला, हा समजही फार काळ टिकला नाही. ३ सप्टेंबर २००३ रोजी न्यूयॉर्क राज्याचे महान्यायवादी एलियट स्पिट्झर यांनी कॅनरी कॅपिटल पार्टनर्स या हेज फंडाबरोबरची तडजोड जाहीर केली. त्या फंडाने ४ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी ३ कोटी नुकसानभरपाई आणि १ कोटी दंड होता. यानंतरच्या चौकशांत अनेक नामांकित फंड घराणी अडकली.

त्यात दोन प्रकार होते. पहिला, चारनंतर अर्ज देऊन चारचीच किंमत मिळविणे. घोडे अंतिम रेषा ओलांडून गेल्यावर शर्यतीवर पैसे लावण्यासारखे हे कृत्य, असे स्पिट्झर यांनी त्याचे वर्णन केले. ते सरळसरळ बेकायदा होते. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म होता. अमेरिकेतील फंड जपानी समभाग बाळगीत असे. टोकियोचा बाजार न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीनंतर बंद होई आणि न्यूयॉर्कला दुपारी चार वाजता तेच १४-१५ तास जुने भाव वापरून मूल्य काढले जाई. दिवसभरात अमेरिकी बाजार चढला तर उद्या टोकियो चढण्याचा संभव मोठा. म्हणजे घड्याळ नियमानुसार चालले तरी किंमत शिळीच होती. हा व्यवहार स्वतःहून बेकायदा नव्हता. मात्र अनेक फंडांनी आपल्या माहितीपत्रकात अशा झटपट उलाढालीस प्रतिबंध असल्याचे लिहून काही ठरावीक बड्या ग्राहकांना तीच मुभा खासगीत दिली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झविट्झ यांच्या अभ्यासानुसार आंतरराष्ट्रीय फंडांतील दीर्घकालीन धारकांचे यामुळे २००१ मध्ये सुमारे एक टक्क्याचे नुकसान झाले. निवृत्तीसाठी तीस वर्षे बचत करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही.

भारतीय नियमांतील घड्याळ

युनिट योजना १९६४ वर सेबीचे नियंत्रण नव्हते. ती आपल्या स्वतंत्र कायद्याखाली चाले. अन्य फंडांसाठी सेबीचे १९९६ चे विनियम आणि त्यानंतरची परिपत्रके यांतून मूल्याधारित किंमत व समान सीमावेळ यांची चौकट तयार झाली. समभाग योजनांसाठी दुपारी तीनची वेळ ही सीमा ठरली. तीनपूर्वीच्या अर्जास त्या दिवसाचे, तीननंतरच्या अर्जास पुढील कामकाजाच्या दिवसाचे मूल्य मिळते. २०२० च्या टाळेबंदीत ही वेळ काही महिने दुपारी एकपर्यंत अलीकडे आणली गेली होती.

परंतु अर्जाची वेळ पाळूनही एक फट राहिली होती. २ लाख रुपयांहून कमी रकमेच्या अर्जास अर्जाच्या दिवसाचे मूल्य मिळे, पैसे मात्र धनादेश वटल्यावर फंडाकडे येत. मधल्या दिवसांत बाजार चढला तर न आलेल्या पैशांवर नफा मिळे आणि तो इतर धारकांच्या वाट्यातून येई. या ठिकाणी लाभ लहान अर्जदाराचा होता, ही बाब लक्षणीय आहे. फट सर्वदा बड्यांच्याच बाजूची असते असे नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असली तरी पैसे फंडाच्या हाती आलेल्या दिवसाचेच मूल्य लागू करण्यात आले. किमतीच्या घड्याळास पैशाचे घड्याळ जोडले गेले.

अपवाद लिक्विड योजनांचा. तेथे आजही पैसे ठरलेल्या वेळेपूर्वी आल्यास खरेदीला आदल्या दिवसाचे मूल्य मिळते. व्याज दररोज थोडे थोडे साठत जाते, भावाचे चढउतार अल्प असतात, म्हणून मागील किमतीचा गैरफायदा घेण्यास वाव कमी. अपवाद का चालतो हे समजले की नियम का आवश्यक आहे हेही समजते. याशिवाय मोठ्या परतफेडीच्या वेळी रोखे विकण्याचा खर्च जाणाऱ्यावर पडावा, यासाठी कर्जरोखे योजनांत विशिष्ट परिस्थितीत मूल्य खाली सरकविण्याची तरतूद २०२२ मध्ये अमलात आली. २००१ मध्ये ज्या ट्रस्टने जाणाऱ्यास खऱ्या मूल्याहून अधिक दिले, त्या अनुभवाच्या नेमक्या विरुद्ध दिशेचा हा विचार आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. युनिटच्या किमतीतील अन्याय बहुधा दराच्या आकड्यात नसून त्या दराच्या वेळेत असतो.

२. आधी कळलेली किंमत ग्राहकास सोयीची वाटते; पण सामाईक पिशवीत एकाची सोय ही दुसऱ्याची झीज ठरते. स्थिर दराने लोकांस संरक्षण देण्याचा भारतीय प्रयोग सद्हेतूने झाला, तरी त्याने सर्वाधिक संरक्षण ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांना दिले.

३. नियमाने वेळ ठरविली तरी मूल्य शिळे असेल, पैसे उशिरा येत असतील किंवा काही ग्राहकांस खासगी सवलत असेल, तर फट पुन्हा उघडते.

४. सुधारणा जाहीर करून ती दीर्घ मुदतीने अमलात आणणे हे स्वतःच धोक्याचे असते. १९९९ ते २००१ या काळाने ते दाखवून दिले.

तीन वाजून दहा मिनिटांनी अर्ज करणाऱ्यास आजचा भाव नाकारला जातो, तेव्हा त्याला ती यंत्रणेची अडवणूक वाटते. इतिहासाच्या प्रकाशात पाहिले असता त्या दहा मिनिटांची किंमत दुसऱ्या कोणी भरू नये म्हणून ही सीमा आखलेली आहे, आणि उद्या कोणी दुसरा उशिरा आला तर तीच सीमा त्याच्याही वाट्याचे रक्षण करणार आहे. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गात निव्वळ मालमत्ता मूल्याचे सूत्र शिकविले जाते. त्या सूत्राला लागणारी वेळ कशी ठरली आणि तिची किंमत कोणी मोजली, हेही त्याबरोबर शिकविले जाणे अगत्याचे आहे. जुलै २००१ मध्ये बंद खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या युनिटधारकास सूत्र ठाऊक असण्याची शक्यता कमी होती. पण त्याचा परिणाम त्यानेच भोगला.